एकशे चौदाव्या पानावरची चूल

पुस्तकं बांधून देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाइंडरला गल्लीत सगळे 'पहिलटकर' म्हणत. कारण गडी जुन्या कादंबऱ्यांच्या फक्त पहिल्या आवृत्त्या जमवायचा. दुसरी फुकट दिली तरी नाक मुरडायचा. चाळीस वर्षं रद्दीची दुकानं पालथी घालून त्याने एका लेखकाच्या सहापैकी पाच कादंबऱ्या मिळवल्या, आणि सहावी गेल्या आठवड्यात हाती लागली. तिचं पहिलं पानच गायब, म्हणजे छापल्याचं साल नाही. पण खूण त्याला तोंडपाठ होती. पहिल्या आवृत्तीत एकशे चौदाव्या पानावर नायक बायकोला म्हणतो, "माझी चूल झाली." छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने 'क'च्या जागी 'ल' लावला होता. पुढच्या आवृत्तीत चुलीची चूक झाली.

ही सहाही पुस्तकं तो वाचनालयाला देणार होता, आणि आज चार वाजता तिथले ग्रंथपाल ती बघायला येणार होते. सहाही पहिल्या निघाल्या तर वाचनालय त्यांना स्वतंत्र कपाट देणार होतं. नाहीतर आयुष्याची जमवाजमव हजारो पुस्तकांत पांगणार. आणि त्याच्या डोळ्यांना आता नव्याने शोधायला जमणार नव्हतं.

पावणेचारला त्याने ते पान उघडलं आणि त्याचं धाबं दणाणलं. 'ल'वर लाल रेघ होती आणि समासात ठसठशीत 'क'.

अक्षराचं हे वळण त्याने झोपेतही ओळखलं असतं. बायकोने तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. घरी लग्नपत्रिका आली तरी ती आधी चुका काढायची, मग तारीख बघायची.

"अगं, हे तू केलंस?"

"काल दुपारी वाचत होते. चूक दिसली, हात गेला."

"चाळीस वर्षांची माती केलीस. अक्कल गहाण ठेवली होतीस का?"

 इतकं लागट तो तिला कधीच बोलला नव्हता. त्याचंही त्याला वाईट वाटलं, पण आत्ता वेळ नव्हता. त्याने ब्लेड काढलं. कागदावरची शाई खरवडणं त्याच्या हातचा मळ. तेवढ्यात बेल वाजली. तो ब्लेड टेकवणार तोच बायकोने त्याचं मनगट धरलं.

"अहो, शाईबरोबर खालचा 'ल' पण निघेल. मग दाखवणार काय? मी अक्षर गिरबटलेलं नाही. आम्ही प्रुफं तपासणारे बारीक रेघ ओढतो. आधी काय होतं ते वाचता यायला हवं."

ब्लेड खिशात गेलं. ग्रंथपालांनी आत येऊन त्या पानावर भिंग लावलं.  

"'ल'च आहे," ते शेवटी म्हणाले. "पहिलीच आवृत्ती. हे लाल काम कुणाचं?"

"आमच्याकडे प्रुफं तपासली जातात," पहिलटकर म्हणाला.

सहाही पुस्तकं खोक्यात बसून गेली. दार लावून तो स्वयंपाकघरात आला. बायको पाठमोरी भांडी विसळत होती. तो दाराशी घुटमळला.

"माझी चूल झाली."

तिने नळ बंद केला. वळली नाही.

"असू दे," ती म्हणाली. "ही नाही मी सुधारत."