गोऱ्या बायकांची खुरपणी

जालन्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मालकांनी सरकीचं तेल काढायचं नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. ते इटलीत मिलान शहरात तयार व्हायचं. यंत्र चालताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सौदा पक्का करायचा नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांनी बोटीचं तिकीटही काढलं होतं, पण ऐनवेळी त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या जागी मला पाठवलं. जाताना स्वतःचा जरीकाठी फेटा माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, कारखान्याची इज्जत आहे, बोडक्यानं फिरू नको.

तोवर गोरा माणूस मी लांबूनच पाहिलेला. छावणीतला साहेब, नाहीतर रेल्वेचा इंजिनीअर. त्यांच्या मडमा टांग्यात बसून बाजारातून जायच्या तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला सरकायचो. त्या पाणी पितात का, भांडतात का, हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं.

मिलानच्या कारखान्यानं माझ्याबरोबर एक कारकून दिला. माझ्याच वयाचा. काही वर्षं एडनच्या बंदरात नोकरी केलेली, म्हणून त्याला इंग्रजी यायचं, थोडी अरबीही. पहिल्याच दिवशी तो माझ्याबरोबर एका टेबलावर जेवायला बसला. संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. मी ते अर्धं संत्रं हातात धरूनच बसलो. तो मात्र सहज बोलत होता, एडनच्या उकाड्याबद्दल, तिथल्या माशांबद्दल. संध्याकाळी काम आटोपलं की तो मला गाव दाखवायचा. संगमरवरी देऊळ दाखवलं. त्याच्या छपरावर चढता येतं आणि वर दगडी माणसांचं रानच उभं आहे. भिंतींवर जागोजाग एकाच माणसाचं चित्र चिकटवलेलं असायचं. ते कोण म्हणून मी विचारलं, तर त्यानं आवाज खाली आणला आणि दुसरंच काही बोलायला लागला.

चाचणीच्या यंत्राचा एक भाग मोडला आणि मधे सुट्टी मिळाली. तो म्हणाला, इथून रेल्वेनं गेलं की एक मोठं तळं आहे, बाहेरचे लोक मुद्दाम बघायला येतात. वाटेत त्याचं गाव लागत होतं. तिथं आईला भेटून पुढं जाऊ, असं ठरलं.

स्टेशनवरून आम्ही पायी निघालो. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, आणि पाण्यात हिरवी साळ. आमच्याकडं भात सणावारी शिजायचा, त्यामुळं एवढी साळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. बांधावरून थोडं पुढं गेलो आणि मी थांबलो.

पाण्यात बायकांची एक लांब रांग होती. सगळ्या गोऱ्या. लुगडं खोचावं तसे झगे वर खोचलेले, डोक्यावर गवती टोप्या, कमरेत वाकलेल्या. गुडघाभर पाण्यात हात घालून त्या गवत उपटत होत्या आणि रांग हळूहळू पुढं सरकत होती. आष्टीला माझी माय दुसऱ्याच्या रानात अशीच वाकून खुरपायची. तीच पाठ, तसाच कमरेवर टेकवलेला डावा हात. मी सोबत्याला विचारलं, या कैदी बायका आहेत का?

"नाही," तो म्हणाला. "ती तिसरी, निळ्या रुमालाची, ती माझी आई."

त्यानं हाक मारली. ती बाई पाण्यातून बाहेर आली आणि ओल्या हातांनीच त्याला कवटाळलं. तिच्या पोटऱ्यांना जळवा चिकटलेल्या होत्या. तिनं त्या बोलता बोलता ओढून काढल्या आणि रक्ताचे ओघळ तसेच खाली आले.

इतक्यात बांधावरून मुकादम आला. उंच बूट, हातात काठी. तो तिच्यावर ओरडला. माझा सोबती, माझ्याबरोबर बरोबरीनं जेवणारा, तीन भाषा बोलणारा गोरा माणूस, त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. माझे वडील तहसीलच्या शिपायापुढं असेच उभे राहायचे.

काय म्हणतो तो, म्हणून मी विचारलं.

"रांग सोडली म्हणतो. आता घरी जा, आजचा दिवस धरणार नाही. उद्याही येऊ नको."

"त्याला सांग, माझ्यामुळं झालं. मी पाहुणा आहे."

"त्याला काही सांगायचं नसतं," तो पुटपुटला.

मग मुकादमाची नजर माझ्या फेट्यावर गेली. त्यानं काहीतरी विचारलं. सोबत्यानं लांबलचक उत्तर दिलं, त्यातलं 'हैदराबाद', म्हणजे आमच्या निजामाचं शहर, एवढंच मला कळलं. मुकादमाचा चेहरा पालटला. त्यानं टोपी काढली आणि मला लवून नमस्कार केला. बाईला हातानं खूण केली, जा पाहुण्याबरोबर. हात जोडायचंही मला सुचलं नाही.

वाटेत सोबत्यानं सांगितलं, जगातल्या सगळ्यांत श्रीमंत राजाच्या दरबारातून हा सरदार आमची भातशेती बघायला आलाय, असं आपण मुकादमाला ठोकून दिलं. सांगताना तो हसला नाही. मीही हसलो नाही.

घर एका खोलीचं. तिनं मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवून फळीवर उलटं केलं आणि दोऱ्यानं कापून आमच्यापुढं ठेवलं. साळ पिकवणाऱ्या घरात भात नव्हता. ती मला एकेक विचारत होती, मुलगा सांगत होता. फेट्याचं कापड कुठलं, भावंडं किती, आई आहे का, ती काय करते.

"खुरपायला जाते," मी म्हणालो. "लोकांच्या शेतात."

सोबत्यानं ते आईला सांगितलं नाही. मला म्हणाला, "चेष्टा करतोस?" म्हणजे मुकादमाला सांगितलेलं त्यालाही थोडं खरं वाटत होतं. मी पुन्हा सांगितलं तेव्हा त्यानं आईला सांगितलं. तिनं माझा हात हातात घेऊन तळवा पाहिला. त्यावर घट्टा नव्हता. तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही.

तळं बघायचं राहिलंच. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. यंत्र दुरुस्त झालं, चाचणी नीट झाली, सौदा पक्का झाला.

परत आल्यावर मी आष्टीला गेलो आणि मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गोऱ्या बायका गवत उपटून राह्यल्या? न्हाई रे, बिलकुल न्हाई. तू मला बरं वाटावं म्हणून सांगून राह्यला." शेजारचे चाचा ओट्यावर बसले होते. पहिल्या लढाईत फौजेतून ते फ्रान्सला जाऊन आले होते. ते म्हणाले, पोरगा बराबर बोलतोय, तिथं नांगर हाकणाऱ्या मडमा मी पाहिल्यात. चाचा कधी खोटं बोलत नसत.

"मंग त्यांच्यावर राज कोन्हाचं?" मायनं विचारलं.

मी म्हणालो, त्यांच्याच माणसांचं. ते तिला पटलं की नाही, मला कळलं नाही.

यंत्र पुढच्या हंगामात आलं. बसवायला आलेल्या फिटरबरोबर सोबत्यानं मला एक निळा रुमाल पाठवला, त्याच्या आईनं दिलेला. मी इकडून सुती लुगडं पाठवलं. ते पोचलं की नाही ठाऊक नाही, कारण मग लढाई पेटली, इटली शत्रूच्या बाजूला गेली आणि तिकडचा टपालाचा रस्ताच बंद झाला. यंत्राचे सुटे भाग आम्ही मुंबईत ओतून घ्यायला लागलो.