शमूच्या वतीने

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही, आमच्या पाळकसाहेबांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — छे, तेही खरं कारण नसावं. सांगायचं आहे, एवढंच.

आम्ही लुथरन ख्रिस्ती. भिवंडीत आमची मंडळी तीसेक घरांची. कुणी माझ्यासारखे चंद्रपूरकडून आलेले, कुणी तेलुगू, बहुतेक सगळे लूमवर नाहीतर सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, राबणारे. धामणकर नाक्याजवळ एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये उपासना होते. दर रविवारी आम्ही एका सुरात कबूल करतो की आम्ही पापी आहोत. एकेक पाप नाव घेऊन सांगायची सक्ती आमच्याकडे नाही — सगळी पापं माणसाला आठवणार तरी कशी? हा आधार धास्तावलेल्या माणसासाठी आहे. मी मात्र त्याच्या आड सात वर्षं दडून बसलोय. कारण मला तर सगळं लख्ख आठवतं.

आठवडाभर मी सायझिंगमध्ये सुपरवायझर असतो, आणि रविवारी दृढीकरणाच्या वर्गाला, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायची तयारी करणाऱ्या मुलांना, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवतो. मला तो येतोही चांगला. बाप्तिस्मा एकच, तान्ह्या बाळाचा असला तरी पुरा, कारण तिथे काम देवाचं असतं, माणसाचं नाही — हे मी झोपेतही सांगेन. आणि सोळाव्या शतकात, युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात, ज्यांनी मोठेपणी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, त्यांचं काय झालं? कित्येकांना नदीत बुडवून मारलं. ‘पाणी हवं होतं ना, घ्या!’ असं म्हणून मी वर्गाला हसवायचो. आपल्याही काही पुढाऱ्यांनी त्यांचं मरण योग्य ठरवलं होतं, हे मात्र मी भरभर उरकायचो. हसायचो कशाला मी? माणसं मेली होती ती.

शमू माझा धाकटा भाऊ. माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, टेम्पो चालवतो. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून मी उभा होतो, धर्मपिता म्हणून. सैतानाचा धिक्कार करतोस का? करतो. विश्वास धरतोस का? धरतो. पाळकाच्या प्रश्नांना त्याची सगळी उत्तरं मी दिली.

तर एका शुक्रवारी — शुक्रवारी इथले कारखाने बंद — मी पाण्याचा पंप बघायला सायझिंगवर गेलो होतो. शमू तिथे आला. केस ओले. जवळच्या टेमघरात एक पाळक भाड्याच्या खोलीत प्रार्थना घ्यायचा, सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. त्याने सकाळी शमूला नदीत नेऊन पुन्हा बाप्तिस्मा दिला होता. हे दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मला सांगावं, म्हणून बिचारा थेट माझ्याकडे आला होता.

मी त्याला शिकवायला लागलो. आवाज चढला. तो शांतपणे म्हणाला, “दादा, तेव्हा तू बोललास. मी कुठं बोललो?”

मला त्याचं उत्तर येत होतं. वर्गात दहादा दिलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की ज्याचा शेंबूड मी पुसला तो मला शिकवतोय. मी त्याची मान धरली आणि मागच्या सिमेंटच्या टाकीत त्याचं डोकं दाबलं. पित्याच्या नावाने, म्हणालो. वर ओढलं. पुत्राच्या नावाने. तो हात मारत होता, माझा शर्ट फाटला. मला बरं वाटत होतं. तिसऱ्यांदा मी इतक्या जोराने खाली लोटलं की त्याचा जबडा टाकीच्या काठावर आदळला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. पाणी लाल झालं, आणि दोन दात तळाला गेले.

दवाखान्यात त्याचा जबडा तारांनी बांधला. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. बाहेर मंडळीतले लोक जमले होते, काय झालं विचारत होते. मी म्हणालो, “त्या ब्रदरने नदीत बुडवताना दगडावर आपटला.” मला एवढंही अडखळायला झालं नाही. शमूने हाताने खूण करून पेन मागितलं, तेव्हा नर्सने दिलेलं पेन मी माझ्या खिशात टाकलं.

संध्याकाळी मंडळीतले आम्ही सहा जण टेमघरला गेलो. ब्रदर किरकोळ अंगाचा माणूस. त्याला काही विचारलंच नाही. केसांना धरून गल्लीत ओढला, पट्ट्याने, चपलांनी मारला. त्याची बायको मध्ये पडली, तिला ढकललं. ती उंबऱ्यावर पडली. त्यांची प्रार्थनेची ढोलकी फोडली. ब्रदर खाली पडल्यावर मीही त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, दोनदा, सगळ्यांना दिसेल अशी. तो एवढंच विचारत होता, “शमू कसा हाय? शमू बरा हाय ना?” घरमालक वरून ओरडला, “उद्या खोली खाली कर, मला लफडा न्हाय पायजे.” दोन दिवसांत नवरा-बायको निघून गेले. कुठे, ते मी कधी शोधलं नाही.

तारा निघाल्या. शमू पहिल्याच रविवारी उपासनेला आला. शेवटच्या गीतानंतर उभा राहिला आणि तिरक्या जबड्याने, थुंकी सांभाळत, एकेक शब्द जुळवून त्याने सगळं सांगितलं. टाकी. मी. पेन. ब्रदरने काही केलं नाही, हे तीनदा सांगितलं. सगळे माझ्याकडे वळले. पाळकसाहेबही वळले. तेव्हा कबूल करता आलं असतं — त्याच उपासनेच्या सुरुवातीला पाप कबूल करून क्षमेची घोषणा ऐकली होती.

मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “डोक्याला मार लागलाय त्याला. मनावर घेऊ नका.” मागच्या बाकावरची एक बाई हळहळली. शमू खाली बसला.

तेव्हापासून मंडळीतले लोक त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात. दोन स्थळं येऊन परत गेली. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. त्याच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. स्कॅनचा रिपोर्ट मीच आणला होता, त्यात तसं स्वच्छ लिहिलं होतं, आणि तो मी सायझिंगच्या बॉयलरच्या भट्टीत घातला.