वर्षाचा रफार

"शी! वास येतोय ह्याला," असं म्हणत बाई पदराचं टोक नाकाला लावायच्या. वास कशाचा? तर मजकुरात कुठेतरी दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व पडलेली असायची. जुन्नरच्या आमच्या छापखान्यात त्या कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायच्या आणि मी मशीनवर छापायचो. चुकीचा शब्द दिसला की बाईंना खरंच मळमळायचं. एकदा कुणीतरी लिहून आणलेलं 'शुभाशिर्वाद' वाचून त्यांनी हातातला चहा तसाच बाजूला ठेवला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि घरची पत्रिका मात्र त्यांच्याकडूनच तपासून घेतो.

रोज येडगावहून एसटीने यायच्या. बसण्याआधी कीबोर्ड ओल्या फडक्याने पुसायच्या. "लोकांची नावं लिहायची असत्यात, भाऊ."

एक दिवस मालकांनी बाईंच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवली. बाजारात यायच्या आधी हौशी लोकांना वापरून बघायला दिलेली. मालकांना कोण आनंद! "अख्ख्या तालुक्यात पयली आपल्याकडं!"

"म्हंजी अजून पुरती झाली न्हाई?" बाईंनी विचारलं.

"चुका सापडल्या की कंपनीला कळवायच्या. म्हणून तर फुकट हाय."

"कच्ची भाकर पावण्यांना वाढायची आन् पोट दुखलं का इचारायचं? शी!"

पडद्यावरची चित्रं सुळकन सरकायची आणि मधेच सगळं थिजायचं. बाई तोंड वाकडं करून वाट बघत बसायच्या.

त्याच आठवड्यात अवसरी बुद्रुकच्या एका घरची लग्नपत्रिका आली. मुलीचं नाव वर्षा. बाई म्हणाल्या, "आधी एक कागदावर काढून वाचू."

"स्क्रीनवर दिसतंय तेच छापून येतं," मालक म्हणाले. "पावणं थांबल्यात. टाका मशीनवर."

मी टाकलं. मी अक्षरं वाचत नाही, शाई बघतो.

मुलीचे वडील गठ्ठे घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. छापताना एकूण एक रफार उडाला होता. 'मुहूर्त'चा 'मुहूत', 'आशीर्वाद'चा 'आशीवाद' आणि वर्षाची 'वषा'.

"पोरगी रडतीय, राव," एवढंच ते म्हणाले.

मालक पटकन म्हणाले, "बाईंकडनं चूक झाली. वय झालंय त्यांचं."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी व्हता ना इथं?"

मी शाईच्या डब्याचं झाकण लावत राहिलो.

त्या वाद घालत बसल्या नाहीत. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर सुरू करून त्यांनी सगळी पत्रिका पुन्हा जुळवली, कागदावर काढली आणि मुलीच्या वडिलांना बोट ठेवून वाचून दाखवली. नव्या पत्रिका त्यांच्या गाडीत चढेपर्यंत त्या थांबल्या. मग पिशवी घेतली आणि निघाल्या. परत आल्या नाहीत.

मालकांनी रफाराची तक्रार कंपनीला कळवली. पुढच्या आवृत्तीत रफार जागेवर आला. त्याचंही कौतुक त्यांनी चार लोकांना सांगितलं, आणि मी मान डोलावली.

परवा एसटीत बाई दिसल्या. खिडकीशी बसल्या होत्या, शेजारची जागा रिकामी होती. मी जवळ गेलो, तशी त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली.