सड्यावरचा डबा

दुबईहून सुट्टीवर आलेल्या मामेभावाने जीपीएसचं यंत्र आणलं आणि एक खेळ शिकवला. आपण डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची.

रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, आम्ही डबा ठेवला, भोवती जांभ्याचे चिरे रचले. सायबर कॅफेत रोज बघायचो, कोणाला सापडल्याची नोंदच नाही. मी जाम वैतागलो.

महिन्याने जाऊन बघतो तर चिऱ्यांना कुंकू, पुढ्यात नारळ! वहीत कोणीतरी मुलासाठी नवस लिहिलेला, ‘राखणदारा, झिलाला लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत चिकटव.’

पुढच्या खेपेला त्या नवसाखाली एकच शब्द होता, ‘चिकटला.’ डब्यात पेढे होते. नियमाप्रमाणे आम्ही पेढे घेतले आणि नवी वही ठेवली. जुनीची पुढची सगळी पानं इतरांच्या नवसांनी भरली होती.