आधी वाटलं ते आणि आत दिसलं ते

बायकोचं अपेंडिक्स काढायचं म्हणून उमेळ्याहून तिला वसईच्या इस्पितळात नेली. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बरंच काही बोलले. मी चौथी शिकलेला, पण मान हलवून "समजलं" म्हणालो. समजलं काहीच नव्हतं.

विम्यासाठी फाईल घेऊन खाली रेकॉर्डच्या खिडकीवर गेलो. तिथे एक बाई बसली होती, चष्मा कपाळावर. नाव मी विचारलं नाही. ऑपरेशनच्या रिपोर्टची पहिली ओळ तिने तळहाताने झाकली आणि मधूनच वाचायला लागली.

"बाई, वरून वाचा की! अपेंडिक्स लिहिलंय, सिस्टरने सांगितलंय मला."

"काका, ते आधी वाटलेलं. पोट उघडल्यावर काय दिसलं, ते इथे असतं. अपेंडिक्स चांगलं होतं. आतड्याला गाठ होती, ती काढलीय."

मी खिडकीत वाकलो. "म्हणजे कॅन्सर?"

"इथे कॅन्सरपुढे प्रश्नचिन्ह आहे. तुकडा तपासायला गेलाय. दिसलं तेवढंच मी लिहिते, काका. संशय लिहीत नाही." आणि विम्याच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात तिने नुसतं 'गाठ' लिहिलं.

रिपोर्टच्या एकाच कागदावर तीन आजार, मग खरा कुठला? बाई खरं बोलली की माझं वय बघून लपवलं? अजून मला ते उलगडलेलं नाही.

वर बायको जागी होती. "काय निघालं वो? अपेंडिक्सच ना?"

उभ्या जन्मात मी उत्तराला अडलो नाही. माहीत नसलं तरी ठोकून देतो. त्या दिवशी म्हणालो, "गाठ होती, काढली. पुढचं मला ठाऊक नाही."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पलंगावर सरकून मला बसायला जागा केली.