हप्ता आणि कूलरचं गवत

१३ जून, दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी म्हणून कूलरचं गवत बदलायला घेतलं. जयपुरात हे काम एप्रिलमध्ये उरकायचं असतं. यंदा राहून गेलं. मी अकोल्याची, त्यामुळे कूलर मला नवा नाही. जाळ्या काढून गच्चीवर नेल्या, जुनं कुजकं गवत उपसलं. नवं भरताना जाळी धरायला मुलीला हाक मारली.

ती जाळी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, सोमवारी लास्ट डेट आहे. डिपॉझिटची."

पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात तिला इंग्रजी साहित्याच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. चार वर्षं, हॉस्टेल धरून अठरा लाख. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. कर्ज काढायचं, तर सहकर्जदार म्हणून पालकाची सही लागते. तिचे बाबा बदलीवर गुवाहाटीला आहेत. आदल्या रात्री फोनवर ते म्हणाले होते, "तू बघ. हे तुझं रोजचंच काम आहे." ते खरं होतं. शैक्षणिक कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावर येतात.

"शिक्षण झाल्यावर काय करणार?" मी विचारलं.

"मी काय कस्टमर आहे का?"

"कस्टमरला मी चहा विचारते. नीट धर, गवत सांडतंय."

"शिकवेन. नाहीतर एडिटिंग. आत्ता कसं सांगू, मतलब, आधी शिकू तर दे ना."

"पगार किती मिळेल?"

"माहीत नाही."

फाइलवर मी अशा ठिकाणी पेन्सिलने फुली करते आणि चौकशीला निघते. दुपारी ऊन उतरायची वाट न बघता स्कूटी काढून गोपालपुऱ्याला गेले. तिथे एकेका इमारतीत चार-चार कोचिंग क्लास आहेत, आणि स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी सगळीकडे शिकवतात. एका क्लासच्या ऑफिसात शिरले आणि इंग्रजीच्या शिक्षकांना काय देता, असं सरळ विचारलं. तिथल्या मॅनेजरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आप पढ़ाएँगी मॅडम? उम्र थोड़ी ज़्यादा है, पर इंग्लिश में चल जाता है."

मी मुलीसाठी विचारतेय म्हटल्यावर तो मोकळेपणी बोलला. सुरुवातीला वीस हजार. पुढे पोरांना आवडली तर वाढतात. पुण्याच्या विद्यापीठाचं नाव सांगितलं, तर त्याने हात हलवला. "कॉलेज यहाँ कोई नहीं पूछता. डेमो में बच्चे टिके, तो टीचर टिका."

पार्किंगमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर हिशेब केला. पंधरा वर्षांची मुदत घेतली तरी हप्ता पंचवीस हजारांच्या वर जात होता. पगार वीस हजार. दुसऱ्या कुणाच्या मुलीचा असता तरी हा हिशेब मी असाच केला असता, आणि आत्तासारखंच तेव्हाही मला काही वाटलं नसतं. सीट तापली होती. रुमाल टाकून बसले आणि घरी आले.

मुलगी स्वयंपाकघरात आंबा कापत होती. मी आकडे सांगितले.

"पण मला कोचिंगमध्ये शिकवायचंच नाहीये."

"दुसरं कुठे काय मिळतं, ते तुला सांगता आलं नाही."

"म्हणजे बँक नाही म्हणणार?"

"बँक हो म्हणेल. फाइल माझ्या पगारावर पास होते."

तिने सुरी खाली ठेवली. "मग माझी कमाई कशाला विचारत होतीस? माझी तर कोणी बघतच नाहीये."

बँकेत टेबलापलीकडच्या कोणीही मला हे विचारलेलं नव्हतं. मी पंखा वाढवला, बसले आणि सांगितलं की मला बावन्न पूर्ण झाली आहेत. तुझी चार वर्षं, वरचं एक वर्ष सवलतीचं, मग हप्ते सुरू. त्यानंतर माझी नोकरी उरते तीन वर्षं. पुढची बारा वर्षं तो हप्ता तुझ्या कमाईतून जाईल, नाहीतर निवृत्तीनंतरच्या माझ्या पैशांतून. म्हणून विचारलं.

ती आंब्याची कोय चोखत खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. राहू दे."

"इथल्या सरकारी कॉलेजात हाच विषय आहे. फी नावाला आहे. बीए कर. एमएला बाहेर जावंसं वाटलं, तर तेव्हा सही करेन. तेव्हा कर्जही लहान असेल."

"राहू दे म्हटलं ना आई. समजलं."

ती रडली असती तर मला काहीतरी करावं लागलं असतं. ती रडली नाही. मीही कणीक मळायला घेतली. हात तेवढे चालत होते. रात्री नव्या गवताचा वास घरभर होता. पोटच्या मुलीला नाही म्हटल्यावर काहीतरी वाटत असणार, असं धरून मी वाट बघत पडले. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलरमध्ये पाणी भरलं आणि तिला घेऊन कोपऱ्यावरच्या ई-मित्रच्या दुकानात गेले. कॉलेजचे फॉर्म इथे तिथूनच भरतात. दुकानदार एकेक रकाना मोठ्याने वाचत होता आणि ती उत्तरं देत होती. विषयाला ती म्हणाली, "इंग्लिश लिटरेचर." आवाज नेहमीचाच होता. मग त्याने विचारलं, "माताजी की सालाना आय?"

ती थांबली. तिला आकडा माहीत नव्हता. मी सांगितला.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बस? इतकाच?"

"कापून हातात येतो तो याहून कमी," मी म्हटलं.

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. "भैया, आगे?" मी फॉर्मचे पैसे दिले, पावती पर्समध्ये टाकली, आणि तिथूनच भाजी घ्यायला गेले.