केळापूरच्या डब्यातली किल्ली

गाडीची किल्ली कोणी जंगलात ठेवतं का? मुलीनं परदेशातून फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी हेच विचारलं, आणि तेही चढ्या आवाजात. तिची अम्मी बाजूला बसून शेंगा सोलत होती, तिनं हळू बोला म्हणून हातानं खूण केली. पण माझं डोकं फिरलंच होतं.

त्याला कारण होतं. पांढरकवड्यात हायवेला लागून माझं गॅरेज आहे, आणि तिथं एकच कायदा चालतो. ज्यानं गाडी आणून सोडली, किल्ली त्याच्याच हातात परत जाईल. भाऊ येवो, साळा येवो, चिठ्ठी घेऊन कोणी येवो, मिळणार नाही. या हट्टापायी एकदा एका नवरदेवाला हळदीच्या अंगानं माझ्या दारात यावं लागलं होतं. लोक अजून हसतात. हसोत बापडे, पण माझ्या गॅरेजातून चुकीच्या माणसाच्या हाती गाडी कधी गेली नाही.

आणि ही किल्ली तर आमच्या आठशे गाडीची. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी मोठी गाडी घेतली तेव्हा त्यांची ही छोटी पांढरी आठशे मी घेतली. आमच्या मोहल्ल्यातली ती पहिली चारचाकी. चोक ओढल्याशिवाय सकाळी जागी व्हायची नाही, आणि मे महिन्यात इंजिन तापलं की त्याची उष्णता काढायला हीटर लावून, काचा खाली करून, घामानं भिजत चालवावी लागायची. तरी तिनं काय नाही केलं? नवऱ्या पोचवल्या, बाळंतिणी आणल्या, मागची सीट काढून सरकीची पोतीसुद्धा वाहिली. माझी मुलगी मारेगावच्या रस्त्यावर याच गाडीवर शिकली. तिला स्टिअरिंगवर पाहून मोहल्ल्यातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि नंतर त्याच तिला दवाखान्यात सोड म्हणायच्या. कार्बोरेटर ती माझ्यापेक्षा चांगला साफ करायची. इंजिनीअर होऊन ती त्या थंड देशात निघाली तेव्हा दोनपैकी एक किल्ली मी तिला दिली. गाडी तुझी आहे, मी फक्त सांभाळतो, असं म्हणालो. माझ्यासारख्याला इतकंच बोलता येतं.

तिकडे लोक एक खेळ खेळतात म्हणे. झाडाच्या ढोलीत, दगडाखाली डबे लपवायचे आणि मोबाईलवर नकाशा बघून दुसऱ्यांनी ते शोधायचे. काही डब्यांत नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला असतो. सापडला की तो पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचा आणि कुठे ठेवला ते इंटरनेटवर लिहायचं. तिनं तसा एक बिल्ला आमच्या किल्लीला अडकवला, ती तिथल्या जंगलातल्या डब्यात ठेवली आणि इंटरनेटवर लिहिलं, हिला माझ्या अब्बांच्या गॅरेजपर्यंत पोचवा. मला म्हणाली, किल्ली पोचली की मागोमाग मीही येते.

मी आठवडाभर रुसलो. मग हळूहळू मलाच त्याचं वेड लागलं. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न माझा असायचा, किल्ली कुठं पोचली? कधी ती बर्फात असायची, कधी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या जेवणाच्या टेबलावर, कधी बोटीवर. कुठल्याशा बेटावर ती आठ महिने अडकून पडली, तर मी तिकडच्या लोकांना आळशी म्हणून मोकळा झालो. इकडे तिची सुट्टी हुकायची, कागदपत्रं अडकायची. सहा वर्षं झाली. ती कधी येणार हे मी विचारत नव्हतो, किल्लीचंच विचारत होतो.

मागच्या हिवाळ्यात किल्ली हैदराबादच्या एका डब्यात पोचली. तिथून ती घेऊन नागपूरला सायकलनं निघालेल्या एका माणसानं आमच्या शेजारच्या केळापूरजवळ, तुरीच्या शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली एक डबा लपवला आणि किल्ली त्यात ठेवली. फोनवर मुलगी आनंदानं ओरडत होती. मी दुसऱ्या किल्लीनं आठशे काढली आणि गेलो. डबा दगडांच्या ढिगात होता. आत एक वही होती, सापडल्यावर तिच्यात नाव लिहायचं असतं. मी किल्ली खिशात घातली, वहीत काही लिहिलं नाही आणि घरी आलो.

मुलीला सांगितलं, डबा सापडला नाही. आयुष्यात तिच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. किल्ली पोचली म्हटल्यावर तिला यावं लागलं असतं, किंवा येत नाही असं म्हणावं लागलं असतं. ते दुसरं ऐकायची माझी हिंमत नव्हती.

दोन महिन्यांनी नागपूरच्या कोणीतरी डबा उघडला आणि किल्ली त्यात नाही असं इंटरनेटवर लिहिलं. त्या रविवारी मुलगी फोनवर रडली. इतके देश ओलांडून घराच्या दाराशी येऊन हरवली, म्हणाली. तिची अम्मी माझ्याकडे बघत होती. माझ्या शर्टाच्या खिशात काय आहे ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग मी बोललो. किल्ली माझ्याजवळ आहे, त्याच दिवशी आणली, हे सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं एवढंच विचारलं, काहून लपवली?

"तू येत नाही म्हणशील म्हून," मी म्हणालो. "मले किल्ली नाही पायजे, बेटा. मले तू पायजे. तू ये."



"सहा साल झाले, अब्बा," ती म्हणाली. "दर इतवारी तुमी किल्लीचंच इचारत होते. मले वाटे, माह्या येण्याचं तुमाले काही नाही. एक डाव तरी असं म्हनाले असते, तं मी कवाचीच आली असती."

मी फोन तिच्या अम्मीच्या हातात दिला.